हा खेळायचा फोन नाही

शाळेचं छप्पर उडालं याचा पहिला आनंद ठकीला झाला. नऊ वर्षांची पोर, तिला दुसरं काय होणार? वादळ ओसरल्यावर सकाळी तिने गच्चीवरून पाहिलं, तर रस्त्यात झाडं आडवी, तारा लोंबकळलेल्या आणि शाळेचे पत्रे मैदान ओलांडून पलीकडच्या गोदामावर जाऊन पडलेले. "आई, शाळा गेली!" अशी वर्दी देत ती जिना उतरून घरात आली. धाकटा भाऊ ढब्बू तीन वर्षांचा, त्याचं पाळणाघर शाळेच्याच मागच्या खोलीत. आपलंही काहीतरी गेलं एवढं त्याला कळलं आणि तोही टाळ्या पिटत नाचला.

आईबापांचे चेहरे मात्र उतरले. ठकीचे बाबा वीज कंपनीत वायरमन आणि आई त्याच कंपनीच्या तक्रार केंद्रात फोनवर. वादळानंतर ज्यांना घटकाभरही रजा मिळणार नाही अशी माणसं शोधायला कोणी निघालं असतं, तर पहिली दोन याच घरात सापडली असती. त्यातून गंमत अशी, की त्यांच्या घरची लाईट सगळ्यांत शेवटी येणार होती. त्यांच्या गल्लीला वीज पुरवणारा डीपीच मुळासकट आडवा झाला होता. शेजारीपाजारी जिन्यात भेटले की म्हणत, "काय हो वायरमन, दिव्याखाली अंधार?" बाबा हसत. आईला हसू येत नसे. दिवसभर लोकांची बोलणी कानात साठवून आल्यावर जिन्यातही तेच ऐकायचं म्हणजे काय?

शाळेच्या फाटकावर कागद लागला: पुढील सूचनेपर्यंत शाळा बंद. आधी वाटलं, आठवडाभराचं काम. मग शाळेचे धड राहिलेले वर्ग घरं गमावलेल्या लोकांना राहायला दिले. ते बरोबरच होतं, त्याला कोण नाही म्हणणार? ते लोक गेले तेव्हा कोणाला तरी भिंतीत तडा दिसला. मग तडा तपासणारा माणूस येईना. तो आला तर पत्रे मिळेनात. दर वेळी कागद नवा, मजकूर तोच. बाबा म्हणत, "ही पुढील सूचना कोण बाई आहे, ती एकदा भेटू दे मला. खांबावर चढवून ठेवतो तिला." ठकी खदाखदा हसायची. त्या दिवसांत घरात हसणं बरंच होतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून वाटायचं, ही माणसं सदा रडतीच होती.

पहिले काही दिवस आत्या, म्हणजे बाबांची बहीण, येऊन राहिली. पण तिला तिची नोकरी, तिची सासू, तिचा संसार. ती किती दिवस पुरणार? ती गेल्यावर आईने ढब्बूला कडेवर घेतलं, ठकीला बोटाला धरलं आणि दोघांना कामावर नेऊन पाहिलं. तक्रार केंद्र म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, टेबलांच्या मध्ये लाकडी फळ्या आणि प्रत्येक फळीआड कानाला हेडफोन लावलेली एक बाई. वीज कंपनीचंच केंद्र, पण तेही जनरेटरवर. ढब्बूने टेबलांखाली शिरून पहिल्या तासातच दोघींच्या वायरी उपटल्या. मुख्य बाई सगळ्यांवर देखरेख करायच्या. तोंडाने फटकळ, मनाने वाईट नव्हेत. त्या म्हणाल्या, "अगं, गावातल्या तारा वादळाने तोडल्या, राहिलेल्या तुझा मुलगा तोडतोय. उद्यापासून काहीतरी दुसरं बघ बाई." सगळ्या हसल्या. आईही हसली. आणि तिने ढब्बूला टेबलाखालून ओढून कडेवर घेतलं.

मग शिंपी धावून आला. त्याचं दुकान त्यांच्याच इमारतीत, जिन्याच्या तोंडाशी. मशीन पायाचं, त्यामुळे वीज असो नसो, त्याची खडखड चालूच. "ठेवा की पोरं इथं. खेळायला चिंध्या काय कमी आहेत?" असं तो स्वतःहून म्हणाला. ठकी गुंड्या रंगांप्रमाणे लावून ठेवायची, ढब्बू कापडांच्या ढिगाऱ्यात झोपायचा. चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी शिंप्याची पाठ वळली आणि ढब्बूने मोठी कात्री उचलून एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटाची बाही कापली. गिऱ्हाईक समोर उभं. शिंप्याचा पारा चढला. "पोरं जन्माला घालायची आणि लोकांच्या दारात सोडून द्यायची!" असं तो बोलून गेला, आणि नेमकी त्याच वेळी आई पोरांना न्यायला दुकानाच्या पायरीवर पोचली होती.

ती तशीच दोघांना घेऊन वर आली. संध्याकाळी शिंप्याचा राग उतरला, त्याने चिंध्यांचा एक छान चेंडू शिवून वर पाठवला. आईने तो ठकीच्या हातून परत पाठवला. स्वाभिमान हवाच, पण तो कुणाला आणि केव्हा दाखवायचा याचंही काही तारतम्य असतं. ते त्या दिवशी तिला राहिलं नाही.

"यापुढे कुणाच्या दारात जायचं नाही," तिने ठकीला बजावलं. "दार लावून घरात बसायचं. कोणी आलं तरी उघडायचं नाही."

"शिंपीकाका आले तर?"

"कोणीही म्हणजे कोणीही."

अशी पोरं घरात एकटी राहू लागली. बाबांचं मन घेत नव्हतं. पण दुसरी सोय नव्हती. त्यांनी नियम ठरवले. गॅसला हात लावायचा नाही. खिडकीत चढायचं नाही. ढब्बूचं दूध सकाळी गरम करून थर्मासात भरून ठेवायचं, म्हणजे ठकीला नुसतं पेल्यात ओतायचं काम. आणि घरात एक जुना मोबाइल ठेवायचा, तो बाबांनी कामावरून चार्ज करून आणायचा. बाबा खांबावर असले की त्यांचा फोन लागायचा नाही, टॉवरही अजून धड नव्हते. आईचा मोबाइल कामावर शिरतानाच कपाटात कुलूपबंद व्हायचा. म्हणून आईने ठकीकडून तक्रार केंद्राचा नंबर पाठ करून घेतला. छोटासाच नंबर होता.

"अगदीच तसं काही झालं तर यावर फोन करायचा. जी मावशी उचलेल तिला सांगायचं, माझ्या आईला द्या."

"अगदीच तसं म्हणजे कसं?"

"म्हणजे अगदीच तसं. उगाच नाही करायचा."

ठकीने मान डोलावली. ती समजूतदार पोर होती. समजूतदार पोरांच्या डोक्यावर काय काय ठेवलं जातं, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

आता त्या नंबराचं सांगायला हवं. गावभरच्या शाळा बंद, आईबाप कामावर, घरोघरी पोरं मोकाट आणि तक्रारीचा नंबर फुकट. मग काय, पोरांचे फोन सुरू झाले. "काकू, पाव किलो उजेड मिळेल का?" "आमच्या मांजरीला करंट येतो, माणूस पाठवा." "तुमच्याकडे लाईट आहे का? मग आमची कशी नाही?" या शेवटच्या प्रश्नात तथ्य होतं, पण विचारणारा खिदळत होता. सुरुवातीला बायकांना तेवढीच करमणूक. मग एक दिवस एका मुलीने हुंदके देत सांगितलं, आमच्या दारात तार पडलीय आणि आजी तिला चिकटलीय. गाडी धावली. त्या गाडीत ठकीचे बाबा होते. जिना चढून धापा टाकत पोचले, तर आजी धडधाकट, सोफ्यावर बसून वाटाणे सोलताहेत, आणि मुलगी पलंगाखाली. तिकडे खरोखर तार पडलेल्या गल्लीत लोक गुडघाभर पाण्यापलीकडे खोळंबून उभे.

त्या दिवशी बाबा जेवायला बसले ते चिडूनच. एरवी हा माणूस रागवायचा नाही. "रडत होती म्हणे! रडायचं सोंग काय कुणालाही येतं. तुम्ही असले फोन घेताच कशाला? आवाज लहान मुलाचा आला की ठेवून द्यायचा."

ठकी समोरच बसली होती. तिने ताटातलं मुकाट्याने संपवलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात हुकूमच निघाला, पोरांचे फोन एका वाक्यात संपवायचे. वाक्य कोणतं? कुणी पोरांवर खेकसत होत्या, कुणी पोलिसांची भीती घालत होत्या. ठकीची आई मात्र शांतपणे म्हणायची, "बाळा, हा खेळायचा फोन नाही," आणि ठेवून द्यायची. मुख्य बाईंना ते फार आवडलं. "हे बघा, ओरडल्यासारखंही वाटत नाही आणि वेळही जात नाही. सगळ्यांनी हेच म्हणायचं." त्यांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येकीच्या समोरच्या फळीवर चिकटवलं.

आई घरी आली ती खुशीत. किती दिवसांनी कामावर कोणी चांगलं म्हटलं होतं. "अहो, माझं वाक्य भिंतीवर लावलंय!"

"वा! म्हणजे आमच्या घरात लेखिका निपजली," बाबा म्हणाले. "आता तुझे सत्कार. हार मी आणतो, तारेचाच."

पुढे घरात तो खेळच झाला. ढब्बूने जुन्या मोबाइलवर झडप घातली, की ठकी हुबेहूब आईच्या आवाजात म्हणायची, "बाळा, हा खेळायचा फोन नाही," आणि मोबाइल वर फडताळात ठेवून द्यायची. ते 'बाळा' म्हणताना आईचा स्वर कुठे वळतो, तेसुद्धा तिने अचूक उचललं होतं. आईला हसून हसून पुरेवाट व्हायची.

त्या दिवशी सकाळी आईची पाळी लवकरची होती. ज्याने शेवटी निघायचं त्याने थर्मास भरायचा असं ठरलेलं होतं, म्हणजे काम बाबांचं. पण आदल्या दिवसापासून वारा पुन्हा सुटला होता, नव्याने जोडलेल्या तारा पुन्हा तुटल्या होत्या आणि बाबांची गाडी ठरल्यापेक्षा आधीच खाली येऊन भोंगा वाजवू लागली. त्यांनी पाहिलं, थर्मास झाकण लावून टेबलावर ठेवलेला. त्यांना वाटलं, हिने भरला. आईने रात्री धुऊन झाकण लावून ठेवलेला थर्मास होता तो. भरलेला काय, रिकामा काय, बाहेरून सारखाच दिसतो. ते पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवून निघून गेले.

केंद्रात त्या दिवशी श्वास घ्यायला उसंत नव्हती. एक फोन ठेवावा तर दुसरा वाजलेला. दवाखान्याची लाईट, पाण्याच्या टाकीची लाईट, एका म्हाताऱ्यांचं प्राणवायूचं यंत्र. मध्येच पोरांचे फोन. आईच्या तोंडात ते वाक्य आता इतकं बसलं होतं, की ते बोलताना तिचा हात आधीच्या माणसाचा पत्ता लिहीत असायचा. समोर कोण आहे हे ऐकायची गरजच उरली नव्हती. आवाज बारीक आहे एवढं कानाला कळलं की पुरे.

दुपारी मुख्य बाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्या कानावरचा हेडफोन स्वतःच्या हातांनी काढला. असं त्या कधी करत नसत.

"तुमच्या घराखालचा शिंपी दवाखान्यातून बोलतोय. धाकट्याला भाजलंय. घाबरू नकोस, जिवावरचं नाही. तू जा."

दवाखान्यात ढब्बू औषधाच्या गुंगीत होता. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत. शेजारी बाकावर शिंपी, गळ्यात मोजायची टेप तशीच. ठकी भिंतीला टेकून उभी, फ्रॉक पुढून ओलाचिंब, पाय अनवाणी. बाबा आईच्या पाठोपाठच पोचले, हेल्मेट काखेत, हातमोजे काढायचेही भान नाही.

झालं होतं ते शिंप्याने सांगितलं. दूध मागून मागून ढब्बूने रडून आकांत मांडला. थर्मास रिकामा. ठकीने शेवटी गॅस पेटवला, दूध तापवलं, आणि ती पेला घ्यायला वळली तेवढ्यात ढब्बूने स्टुलावर चढून पातेलं ओढलं.

"मी खालून त्याचं किंचाळणं ऐकलं. मशीन टाकून वर गेलो. दार बंद. ही आतून म्हणते, आईने सांगितलंय, उघडायचं नाही. मी म्हटलं, अगं, मी आहे गं, शिंपीकाका. तर म्हणते, कोणीही म्हणजे कोणीही." शिंप्याने गळ्यातली टेप ओढून हातात घेतली. "आत तो ओरडतोय आणि दाराच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं रडतोय. शेवटी म्हटलं, तू नको उघडू, मी दार तोडतो, म्हणजे तुझ्यावर काही यायचं नाही. तेव्हा कडी काढली तिने."

पंप बंद, त्यामुळे नळाला पाणी नव्हतं. ठकीने पिण्याच्या पाण्याचं मोठं पातेलं पेल्या-पेल्याने भावाच्या हातावर रिकामं केलं होतं. भाजल्यावर पाणी ओतायचं, असं शाळेत शिकवलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्याने बरंच वाचलं. डाग मात्र राहील.

आईच्या मनात त्या वेळी काय काय दाटलं होतं कोण जाणे. भीती असेल, शरम असेल. पण बाहेर पडला तो राग, आणि तो पडला समोर होती तिच्यावर.

"गॅसला हात लावायचा नाही म्हणून किती वेळा सांगितलं होतं तुला?"

"थर्मास रिकामा होता."

आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे. दोघांनाही एकदमच उमजलं. तरी ती थांबली नाही.

"मग मला फोन का नाही केलास? हात भाजल्यावर तरी करायचास! नंबर पाठ आहे ना?"

"केला होता."

"कुणी उचलला?"

ठकीने खाली पाहिलं. "एक बाई होत्या."

"मग सांगता येत नाही, माझ्या आईला द्या म्हणून? तोंड नाही तुला?"

"त्या म्हणाल्या, बाळा, हा खेळायचा फोन नाही."

ठकीने ते आईच्या आवाजात म्हटलं नाही. अगदी कोरडं, पाठ केल्यासारखं म्हटलं. बाबांनी काखेतलं हेल्मेट बाकावर ठेवलं आणि ते खिडकीबाहेर पाहत राहिले. शिंप्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "काय तरी माणसं असतात बघा, लेकराचं ऐकूनसुद्धा घेत नाहीत." 

ढब्बू पोरच ते, पंधरवड्यात पुन्हा उड्या मारू लागला. पट्टी सुटली, कातडी गुलाबी झाली, आणि डाग दिसेल त्याला तो कौतुकाने दाखवू लागला. बाबांनी आपलं दुःख बोलून हलकं केलं. जो भेटेल त्याला ते सांगत, "झाकण उघडून बघितलं असतं तर! एवढंच करायचं होतं हो मला, झाकण उघडायचं होतं." गाडीवरच्या सोबत्यांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, शिंप्याला तर रोज. बोलता बोलता ते रडायचे आणि रडून झाल्यावर कामाला लागायचे.

आई कुणाशी बोलली नाही. तिच्या मनात एकच प्रश्न घर करून बसला होता. ती बाई कोण?

केंद्रात इतक्या बायका. वाक्य सगळ्यांचं एकच. मग तो फोन आपल्याकडेच आला कशावरून? ती स्वतःला समजावायची: आईला आपल्या लेकराचा आवाज कळल्याशिवाय राहतो का? कापूस घातला कानात तरी कळेल. म्हणजे दुसरीच कोणी. मग तिला त्या दुसरीचा संताप यायचा. काम करता करता ती फळ्यांआडच्या पाठी न्याहाळायची. ही असेल? का ती, जी कायम घाईत असते? माझ्या पोटची पोर रडत असताना हिने फोन ठेवून दिला, आणि आता मजेत डबा खातेय!

एकदा न राहवून तिने शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला विचारलंच. "त्या दिवशी तुझ्याकडे कुणी रडणारी मुलगी आली होती का गं फोनवर?"

"अगं, दिवसाकाठी किती रडतात! कोण लक्षात ठेवतं?" मैत्रीण सहज म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं, ही हे का विचारतेय. तिचा चेहरा पांढरा पडला. "माझ्याकडेच आला असेल का गं? खरंच नाही आठवत मला. देवाशप्पथ नाही आठवत."

त्यानंतर आईने कुणाला विचारलं नाही. कारण तिलाही आठवत नव्हतं. त्या दिवशी तिने किती पोरांचे फोन ठेवले, ती पोरं काय म्हणत होती, रडत होती की हसत होती, यातलं काहीसुद्धा आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त आपला हात, पत्ता लिहिणारा.

मुख्य बाईंनी नियम बदलला. लहान आवाज आला की आधी नाव विचारायचं, घरात मोठं कोणी आहे का विचारायचं. फळ्यांवरचे कागद निघाले. डिंकाचे पिवळट डाग तेवढे राहिले. मोबाइल टेबलावर ठेवायची परवानगी मिळाली. आईला तर हवी तेवढी रजा मिळाली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. एक दिवस मुख्य बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हे बघ, फोन सगळे रेकॉर्ड होतात. त्या दिवशीचे काढून ऐकू शकतो आपण. तुझ्या मनाला एकदाची शांती मिळेल. काढू?"

 "नको," आई म्हणाली.

मुख्य बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

घरी मात्र एक गोष्ट तिच्या लक्षात येत होती. ठकी फार शहाणी झाली होती. काही हवंय का? नको. कंटाळा आला का? नाही. भूक लागली का? थोडी थांबते की. पूर्वी ही पोर तक्रारींचं पोतं होती. ढब्बूने चिमटा काढला, दूध सायीचं दिलं, वेणी घट्ट बांधली, सगळं गाऱ्हाणं आईच्या पदरात. आता एक तक्रार नाही. आता आईबाबा आळीपाळीने रजा घेऊन पोरांपाशी थांबत, आणि आई कामावर असली की मोबाइल समोर ठेवून बसायची. "केव्हाही कर, उगाच कर, काही नसलं तरी कर," असं तिने ठकीला दहादा सांगितलं होतं. घरातून फोन कधी आला नाही. मग आईच मधल्या सुट्टीत करायची. "सगळं ठीक आहे," ठकी सांगायची, आणि आईला तिच्याशी पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही.

एका संध्याकाळी ढब्बूला फडताळातला मोबाइल सापडला. तो कानाला लावून ताईची नक्कल करत तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "बाला, हा खेलायचा फोन नाही." बाबा टेबलाचा ड्रॉवर दुरुस्त करत होते, त्यांचा पेचकस थांबला. ठकी उठली, तिने त्याच्या हातातून मोबाइल हळूच काढून घेतला आणि त्याला खिडकीतून रस्त्यावरचा ट्रक दाखवला. आईने हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

अखेर ती पुढील सूचना आली. पत्रे आले, तडा बुजला, शाळा सुरू होणार असं ठरलं. गणवेश काढून पाहिला तर फ्रॉक आखूड झालेला. शिंपी म्हणाला, "द्या इकडे, दुमड सोडतो." आईने या वेळी मान खाली घालून फ्रॉक त्याच्या हातात दिला. त्याने दुमड सोडली, वर एक नवी गुंडीही लावली. बाबा ढब्बूला पाळणाघरात सोडायला पुढे गेले. आईने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि ती ठकीला घेऊन निघाली.

रस्त्यावरची झाडं कापून कडेला रचलेली होती. खांब नवे होते. त्यातले काही बाबांनी उभे केलेले. ठकी एरवी बाबांचे खांब मोजत चालायची, आज मोजत नव्हती. फाटकाशी पोरांची ही गर्दी, कोण कुणाच्या गळ्यात पडतंय, कोण रडतंय. आई थोडी अलीकडेच थांबली. विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. रेकॉर्ड ऐकायला नको म्हणाली होती ती. पण पोरीचा हात आता सुटणार होता आणि तिच्या तोंडून ते निघूनच गेलं.

"ठकी, त्या दिवशी फोनवर ज्या बाई होत्या ना..."

ठकी दप्तराचा पट्टा सारखा करू लागली.

"त्यांचा आवाज तुला ओळखू आला होता का गं?"

ठकीने तिच्याकडे पाहिलं. आईला दुखेल असं काही बोलायचं नाही, हे त्या नजरेत अगदी स्पष्ट होतं. आई पोरीसमोर उकिडवी बसली आणि तिने तिचे दोन्ही हात धरले.

"खरं सांग. मी नाही रागवणार."

"हो," ठकी म्हणाली.

"मग परत करायचास ना राजा. दुसऱ्या कुणी मावशीने उचलला असता. तिला सांगायचं, माझ्या आईला द्या."

ठकीला आईचं हे बोलणं नीटसं कळलं नसावं. तिने क्षणभर विचार केला. मग वर्गात बाईंना उत्तर द्यावं तसं सरळ सांगितलं.

"पण आईनेच तर उचलला होता. मग अजून कुणाला द्या म्हणू?"

घंटा झाली. ठकीने आपले हात हळूच सोडवून घेतले, कारण रांग लागत होती, आणि ती आत गेली.